‘महागाई पाव टक्का म्हणजे थाप’ : फिरत्या मेसेजचा मुद्द्यागणिक हिशोब

गल्लीच्या, तालमीच्या, शाळेच्या, बचतगटाच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा. ऑक्टोबर २०२५ ची महागाई पाव टक्क्यावर आल्याचं सरकारनं सांगितलं, पण किराण्याचं बिल वाढलेलंच आहे, म्हणजे आकडा बनावट. ऊस साडेतीन रुपये किलो आणि साखर पंचेचाळीस, म्हणजे कारखान्यांची लूट. टोमॅटो शेतकऱ्याकडून बारा रुपयांना जातो आणि मंडईत चाळीसला मिळतो, म्हणजे अठ्ठावीस रुपये दलालाचे. तेलाच्या कंपन्यांची साखळी. जीएसटी उतरला तरी दूध-बिस्किट तिथेच. रेपो (रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो) कमी झाला तरी कर्जाचा हप्ता तोच. आणि शेवटी उपाय : कोल्हापूरकरांनी एक महिना खरेदी बंद ठेवायची, भाव आपोआप पडतील.

मेसेजमधली चीड खोटी नाही. पण त्यात प्रत्येक वस्तूमागे एकेक चोर उभा केला आहे आणि तिथेच हिशोब बिघडतो. तेलाचा भाव जिथे ठरतो तिथे साखरेचा ठरत नाही, आणि साखरेचा ठरतो तिथे टोमॅटोचा ठरत नाही.

मुद्दा पहिला : ‘पाव टक्का’ हा आकडा बनावट आहे

ऑक्टोबर २०२५ चा किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के होता, हे खरं. हा दर मोजतो तो भाव वाढण्याचा वेग. ऑक्टोबर २०२३ मध्ये घरखर्चाच्या वस्तूंची जी टोपली १०० रुपयांना येत होती, ती ऑक्टोबर २०२४ मध्ये १०६ रुपये २१ पैशांना गेली, कारण त्या महिन्याचा दर ६.२१ टक्के होता. त्यावर पाव टक्का चढला की १०६ रुपये ४८ पैसे. टोपली उतरली नाही, चढायची जवळजवळ थांबली. आधी चढलेले सहा रुपये तुमच्या बिलात आजही आहेत. ‘महागाई कमी झाली’ याचा अर्थ ‘स्वस्ताई आली’ असा कुणी लावला, तर त्यात आकड्याचा दोष नाही.

भाजीचा हिशोब तर आणखी बोलका आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्या वर्षभरात ४२ टक्क्यांनी चढल्या होत्या. पुढच्या ऑक्टोबरात त्या साडेसत्तावीस टक्क्यांनी उतरल्या. म्हणजे शंभराची भाजी आधी एकशे बेचाळीसला गेली, मग एकशे तीनला आली. दोन वर्षांनी आपण होतो तिथेच आलो, पण सरकारी आकड्यात एका वर्षी आग आणि दुसऱ्या वर्षी पाऊस दिसला. आधीचं वर्ष फार चढं असलं की पुढचं वर्ष आपोआप नरम दिसतं. पाव टक्क्यातला मोठा वाटा या भाजीचा होता. त्याच महिन्यात खाद्यतेल मात्र वर्षभरात दहा टक्क्यांहून जास्त महागलेलं होतं, तेव्हा फोडणी घालणाऱ्याला पाव टक्का पटला नाही यात नवल नाही.

‘आकडे एसीत बसून काढतात’ असंही मेसेजात आहे. २०१२ हे आधारवर्ष (ज्याच्या भावांशी पुढचे भाव ताडतात ते वर्ष) असलेल्या महागाईच्या त्या आकडेमालिकेसाठी देशभरातल्या १,११४ शहरी बाजारांतून आणि १,१८१ गावांतून भाव गोळा केले जात. ठरलेलं दुकान, ठरलेला माल. खरी कमजोरी वेगळीकडे होती. कुठल्या वस्तूला किती वजन द्यायचं, हे २०११-१२ च्या घरखर्चावरून ठरलेलं होतं. त्यात खाण्यापिण्याला जवळपास ४६ टक्के वजन, शिक्षणाला साडेचार टक्क्यांच्या आत, आरोग्याला सहाच्या आत. २०२३-२४ च्या घरखर्च पाहणीत शहरी कुटुंबाचा खाण्यावरचा खर्च चाळीस टक्क्यांच्याही खाली आलेला दिसतो. म्हणून तर २०२४ आधारवर्षाची नवी मालिका आली आणि तिच्यात खाण्याचं वजन घटवलं आहे. जुन्या टोपलीत भाजी स्वस्त झाली की अख्खा आकडा खाली यायचा, आणि शाळेची फी वाढली तर त्याला ओरखडाही उठायचा नाही.

एकाच गल्लीतली दोन घरं घेऊ, आकडे समजा. पहिल्या घराचा महिन्याचा खर्च १८,००० : खाणं ७,०००, दोन मुलांची फी ४,०००, औषधं १,५००, बाकी ५,५००. खाणं चार टक्क्यांनी उतरलं (२८० रुपये वाचले), फी दहा टक्क्यांनी वाढली (४०० गेले), औषधं पाच टक्क्यांनी (७५), बाकी तीन टक्क्यांनी (१६५). एकूण ३६० रुपयांची वाढ, म्हणजे या घराची महागाई दोन टक्के. शेजारी आजी-आजोबांचं घर, खर्च १४,००० : खाणं तेवढंच, औषधं ३,०००, बाकी ४,०००. त्यांचे २८० वाचले आणि २७० गेले, म्हणजे महागाई शून्य. दोघंही खरं सांगतात.

स्वतःच्या घराचा दर काढायला एक वही पुरते. दर महिन्याला लागणाऱ्या बारा-पंधरा गोष्टी घ्यायच्या आणि त्यांचं प्रमाण ठरवून टाकायचं : तेल ५ किलो, तांदूळ १५ किलो, साखर ४ किलो, दूध ६० लिटर, एक सिलिंडर, वीज १०० युनिट, पेट्रोल १५ लिटर, वर्षाच्या फीचा बारावा भाग, नेहमीची औषधं. हे प्रमाण पुन्हा बदलायचं नाही. भाव लिहिताना पाकिटाचा नको, किलोचा किंवा लिटरचा लिहायचा. या महिन्याच्या बेरजेला गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या बेरजेनं भागायचं. लोक चुकतात ते तीन ठिकाणी. एक, एकूण बिलाची तुलना करतात, आणि त्या महिन्यात पाहुणे किंवा दिवाळी असते. दोन, गेल्या महिन्याशी तुलना करतात, आणि हंगाम बदललेला असतो. तीन, मधेच ब्रँड बदलतात आणि तो फरक महागाईच्या खात्यावर टाकतात.

मुद्दा दुसरा : ऊस साडेतीन रुपये किलो, साखर पंचेचाळीस

हे वाक्य कोल्हापुरात फिरावं याचं खरंच आश्चर्य वाटतं, कारण उतारा म्हणजे काय हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. एक किलो उसातून एक किलो साखर निघत नाही. आपल्याकडे उतारा बारा टक्क्यांच्या आसपास असतो. एका टनातून १२० किलो साखर, बाकी बगॅस (चिपाड), मळी (रसातला गाळ), मोलॅसिस (साखर काढून उरलेला दाट पाक) आणि पाणी.

आता भाव लावा. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी (कारखान्यानं उसाला द्यायचा सरकारनं ठरवलेला किमान दर) १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. बारा टक्क्यांचा ऊस म्हणजे साडेसतरा वेळा ती भर, साडेसाठ रुपये. एकूण साधारण ४१५ रुपये क्विंटल, टनाला ४,१५५. तोडणी-वाहतूक यातच आली. ती वजा होऊन उरलेलं शेतकऱ्याच्या खात्यावर जातं, पण कारखान्याच्या खिशातून दोन्ही जातात. ४,१५५ ला १२० नं भागलं की चौतीस रुपये साठ पैसे. एक किलो साखरेतला नुसता ऊसच एवढ्याचा आहे. त्यावर पगार, चुना, गंधक, पोतं आणि कर्जाचं व्याज चढतं. वीज आणि मोलॅसिस विकून आलेलं त्यातून वजा होतं.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला. तेव्हा एफआरपी १० टक्के उताऱ्याला २७५ होती. एफआरपी पुढे सरकत गेली, हा दर मात्र वर्षानुवर्षं तिथेच राहिला. समजा साखर कारखान्याच्या दारात ३८ ला सुटली. पाच टक्के जीएसटी १ रुपया ९० पैसे, लक्ष्मीपुरीतल्या घाऊक दुकानापर्यंतचं भाडं आणि हमाली रुपयाभर, घाऊकवाल्याचे पन्नास-साठ पैसे, मग किराणावाल्याचे अडीच-तीन रुपये. किराणावाल्याच्या त्या रकमेत पोतं फोडून किलो-किलो बांधताना सांडणारी साखरही आली. बेरीज चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात येते. यात लुटीला जागा शोधायची तर पैशांत शोधावी लागेल.

‘मग पिकतं तिथे तरी स्वस्त हवी ना?’ साखर देशभर विकली जाते आणि कुठल्या कारखान्यानं महिन्याला किती सोडायची याचा कोटा केंद्र सरकार ठरवतं. पंचगंगेच्या काठावर राहिल्यानं फक्त वाहतुकीचे रुपया-दोन रुपये वाचतात. तसंच, देशातली निम्म्याहून जास्त साखर घरात येतच नाही. ती मिठाई, बिस्किटं, थंड पेयं यांच्याकडे जाते आणि दिवाळीआधी किंवा उन्हाळ्यात भाव हलतो तो त्यांच्या खरेदीनं.

कारखान्यांविषयीच्या तक्रारी खऱ्या आहेत, पण त्या वेगळ्या : काट्यातली मापं, तोडणी-वाहतुकीचा फुगवलेला खर्च, आणि चौदा दिवसांत बिल देण्याचा नियम असताना लागणारे महिने. त्या ऊसकऱ्याच्या तक्रारी आहेत. साखर खाणाऱ्यानं त्या उसन्या घेऊन ‘साखर स्वस्त करा’ म्हणणं म्हणजे त्याच ऊसकऱ्याचा दर खाली ओढणं.

गुळाचंही तेच. गुऱ्हाळवाल्याला ऊस हवा तर त्याला कारखान्याच्या दराच्या आसपास जावंच लागतं. टनाला ११० किलो गूळ धरा, वर गुळव्याची (गूळ करणाऱ्या कारागिराची) आणि भट्टीवरच्या माणसांची मजुरी. जळण म्हणून चिपाड घरचंच मिळतं, तेवढीच सवलत. एफआरपी वाढली की गूळ मागोमाग वाढतो. आणि साखर गुळापेक्षा स्वस्त झाली की काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या कढईत, साखरेची पोती रिकामी व्हायला लागतात. गुळाचा पिवळाधमक, कडक, चकचकीत रवा (ढेप) पाहून खूश होणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं. नुसत्या उसाचा गूळ सहसा तपकिरीकडे झुकतो, थोडा मऊ असतो, आणि पावसाळ्यात लवकर ओल धरतो.

मुद्दा तिसरा : मधले अठ्ठावीस रुपये दलालाचे

इथे मेसेजला अर्धे गुण द्यावे लागतील. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासनिबंधांत ग्राहकानं दिलेल्या रुपयातला शेतकऱ्याचा वाटा टोमॅटोत ३३ पैसे, कांद्यात ३६, बटाट्यात ३७ असा निघाला. तो वाटा कमीच आहे. पण उरलेले सदुसष्ट पैसे एकाच माणसाच्या खिशात जातात, हे मात्र खरं नाही.

हातकणंगल्याकडचा एक क्रेट घेऊ, २५ किलोचा, आकडे समजा. यार्डात सौदा १६ रुपयांनी झाला. त्यातून तोडणीची मजुरी, टेम्पोचं भाडं, क्रेट आणि उतरणावळ मिळून किलोला चार रुपये गेले. शेतकऱ्याच्या हातात बारा. फळं-भाजीपाल्यावरची अडत, म्हणजे अडत्याची दलाली, २०१६ पासून शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असा राज्याचा नियम आहे, तेव्हा पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठीत, अडत कापलेली दिसली तर तिथल्या तिथे विचारावं. खरेदीदाराला अडत-हमाली धरून सव्वासतरा पडले. त्यानं किरकोळ विक्रेत्याला वीसनं दिला, म्हणजे क्रेट ५०० ला. रिक्षा आणि हमाली धरून मंडईत पोहोचेपर्यंत ५४०.

आता विक्रेती क्रेट ओतून निवडते. तळाचे दोन किलो दबलेले, फेकून द्यायचे. पंधरा किलो वरचा माल चाळीसनं गेला, ६०० आले. पाच किलो संध्याकाळी पंचवीसनं, १२५. तीन किलो मऊ पडलेला दुसऱ्या दिवशी दहानं, ३०. एकूण ७५५. त्यातून ५४० गेले, जागेचे, पिशव्यांचे आणि वर टाकायच्या एखाद्या टोमॅटोचे मिळून चाळीस गेले. उरले १७५, उन्हात दीड दिवस बसण्याचे.

बघा, पाटीवरचा भाव चाळीस होता, पण क्रेटमधल्या प्रत्येक किलोला सरासरी तीसच मिळाले. मेसेज सर्वांत महाग किलो धरतो आणि त्याची तुलना शेतकऱ्याच्या सर्वांत कमी आकड्याशी करतो. मधल्या अंतराचा मोठा तुकडा नासाडीचा आहे. नासणारा माल, शीतगृह नाही, छोटे छोटे हात आणि प्रत्येकाची मजुरी. दुधात हे नसतं. गावात संकलन, तिथेच फॅट बघून दर, बल्क कूलर (दूध गार ठेवणारी मोठी टाकी), टँकर, सहकारी संघ. म्हणूनच त्याच अभ्यासमालेत दुधातला उत्पादकाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या घरात आहे.

अडत्याचं खरं बळ टक्क्यात कमी आणि उचलीत जास्त आहे. लागणीच्या वेळी रोपांना, औषधाला त्यानं पैसे दिलेले असतात. मग माल त्याच्याच दुकानी लावावा लागतो, शेजारच्या दुकानी रुपया जास्त निघाला तरी. ही गाठ सोडवायला वेळेवर पीककर्ज लागतं. दलालाला शिव्या देणारा मेसेज तिथे काही कामाचा नाही.

आणि भावाच्या उड्या? टोमॅटो माणूस ठरावीकच खातो. आवक दहा टक्क्यांनी घटली म्हणून कुणी दहा टक्के कमी टोमॅटो सहज घेत नाही, आमटीत तो लागतोच. मग तेवढ्या कमी मालासाठी बोली चढत राहते आणि भाव आवकेच्या कितीतरी पट हलतो. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरीपार गेला. तो भाव बघून सगळ्यांनी लावला, आणि सप्टेंबरात महाराष्ट्रातल्या बाजारांत त्याच टोमॅटोला तोडणीचा खर्चही निघेना. दलाल दोन्ही वेळी तेच होते. पुराच्या वेळीही हेच दिसतं. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, गाड्या अडकल्या आणि शहरातल्या भाजीचा भाव दिवसात बदलला. काहींनी हात धुऊन घेतले असतील, पण गाडी आत आल्याबरोबर भावही उतरला.

मुद्दा चौथा : तेलाच्या कंपन्यांची साखळी

आपण वापरतो त्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं : पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन दक्षिण अमेरिकेतून, सूर्यफूल बव्हंशी रशिया-युक्रेनकडून. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं, एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियानं पामची निर्यात तीनेक आठवडे बंद केली, आणि कळंब्यातल्या भज्याच्या गाड्यावर तळण महागलं. मधे कुणाची साखळी लागली नाही.

त्यानंतरचा चढ मात्र इथल्याच निर्णयाचा आहे. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या तेलावरचं एकूण आयातशुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर गेलं. बंदरात ९० रुपये किलोनं पडणारं तेल धरा : आधी शुल्क पाच रुपये, मग जवळपास पंचवीस. किलोमागे वीस रुपये सरळ वाढले. मे २०२५ च्या अखेरीस ते साडेसोळा टक्क्यांवर आणलं, म्हणजे शुल्क पंधरा रुपयांवर. शुल्क वाढवलं ते सोयाबीनचा भाव हमीभावाच्या खाली गेला म्हणून. शिरोळ, कागल, हातकणंगल्यात सोयाबीन करणाऱ्या घरातच ही गंमत दिसते : डब्याला जास्त मोजायचे आणि पोत्याला थोडे जास्त मिळायचे. दोन्ही एकदम स्वस्त-महाग करून दाखवणारा मेसेज अजून कुणी लिहिलेला नाही.

एक तक्रार रास्त आहे. शुल्क वाढलं की दुकानातला जुना साठाही दुसऱ्या दिवशी महाग होतो, आणि शुल्क उतरलं की ‘जुना माल आहे’ हे महिनाभर ऐकावं लागतं. यावर ग्राहकाच्या हातात एकच गोष्ट आहे, वजन वाचणं. तेलाचा एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. १५ लिटरच्या डब्यात १३ किलो ६५० ग्रॅम तेल असतं, १५ किलोच्या डब्यात १५. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात आणि फरक सव्वा किलोहून जास्त. पाऊचचंही तसंच. काही पाऊच ८५० ग्रॅमचे, काही ८०० चे, आणि गिऱ्हाईक सगळ्यांना ‘लिटरची पिशवी’ म्हणतं. भाव भागिले ग्रॅम करून बघितलं की ‘स्वस्त’ ब्रँड बऱ्याचदा महाग निघतो.

घाण्याचं शेंगतेल का महाग, हा प्रश्न त्याच मेसेजात आहे. एक किलो तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात. दाणे १२० रुपये धरले तर ३००, त्यातून पेंडीचे साठ वजा, वर गाळपाची मजुरी. दोनशे चाळीसच्या बरंच खाली कुणी ‘शुद्ध घाण्याचं’ देत असेल तर त्यात दुसरं तेल आहे.

मुद्दा पाचवा : जीएसटी उतरला, दूध-बिस्किट तिथेच

पिशवीतल्या ताज्या दुधावर जीएसटी कधीच नव्हता. जो करच नव्हता तो २२ सप्टेंबर २०२५ ला कमी कसा होणार? कमी झाला तो तूप-लोण्यावरचा, १२ चा ५. पॅकबंद पनीर आणि टेट्रापॅकचं दूध ५ वरून शून्यावर आलं. दुधाचा दर ठरतो वैरणीवर आणि पेंडीवर. गाळप सुरू असतं तेव्हा जनावरांना वाडं (उसाचा हिरवा शेंडा) मिळतं. कारखाने बंद झाले, ऊन तापलं की वैरण विकत आणि म्हैस आटते. संघाची दरवाढ बहुतेक वेळा याच ओढाताणीतून निघते.

तुपाच्या बाबतीत लोक ७०० च्या सात टक्के काढून ४९ रुपये उतरायला हवे होते म्हणतात. कर छापील किमतीच्या आत असतो. ७०० ला १.१२ नं भागा, ६२५. त्यावर ५ टक्के लावा, ६५६ रुपये २५ पैसे. उतरायला हवेत पावणेचव्वेचाळीस. यापेक्षा कमी उतरले असतील तर भांडायला आधार आहे.

बिस्किटांवर १८ चे ५ झाले. दहाचा पुडा ८ रुपये ९० पैशांना यायला हवा होता. पण दहा पैशांची सुट्टी कुणाकडे आहे? म्हणून किंमत दहाच ठेवून वजन वाढवण्याची वाट. हिशोबानं ५० ग्रॅमचा पुडा ५६ ग्रॅमचा व्हायला हवा. जुना पुडा घरात असेल तर शेजारी ठेवून वाचा. पाकिटावर एका ग्रॅमला किती पडतं तेही आता छापावं लागतं, बारीक अक्षरात का होईना.

मुद्दा सहावा : रेपो कमी, हप्ता तोच

२०२५ मध्ये रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला. २५ लाखांचं, वीस वर्षांचं कर्ज साडेआठवरून सव्वासात टक्क्यांवर आलं तर हप्ता २१,६९६ वरून १९,७५९ व्हायला हवा. बऱ्याच बँका व्याज कमी करतात पण हप्ता तोच ठेवून मुदत घटवतात. विवरणपत्रात ‘उरलेले हप्ते’ हा रकाना बघा. तोही हलला नसेल तर कर्ज ऑक्टोबर २०१९ च्या आधीचं, जुन्या पद्धतीच्या दराला बांधलेलं असण्याची शक्यता आहे. ते रेपोला जोडून द्या असा लेखी अर्ज करायचा, थोडं शुल्क पडतं. या मुद्द्यात यापेक्षा जास्त काही नाही.

आणि तो उपाय : एक महिना खरेदी बंद

टोमॅटो, मेथी, दोडका थांबत नाहीत. कोल्हापूरच्या यार्डातून माल कोकणातही जातो. इथलं गिऱ्हाईक गायब झालं तर कोकणचा खरेदीदार पाडून मागेल आणि तोटा पडेल तो पट्टीवर, म्हणजे ज्या शेतकऱ्यासाठी मेसेज गळा काढतो त्याच्याच नावावर. दूध नाकारलं तरी म्हैस दोन वेळा दूध देणारच. संघ त्याची पावडर करेल, आणि पावडरीला भाव नसला तर तो तोटा पुढच्या खरेदीदरात उतरेल. तेल, साखर, डाळ टिकणारी आहे, व्यापारी महिनाभर गोदामात ठेवील. एकतिसाव्या दिवशी सगळं शहर एकदम पिशव्या घेऊन निघालं की महिन्याचा खप तीन दिवसांत होईल आणि भाव वर जाईल.

भाव आपल्या बाजूला ओढायचा तो आवकेच्या वेळी. चटणीची मिरची मार्च-एप्रिलात घ्यावी, जत्रा-लग्नांची मागणी सुरू व्हायच्या आत, आणि घेतल्यावर कडक ऊन दाखवून देठ काढूनच डब्यात भरावी. ओली मिरची वजनाला जास्त भरते, पैसे पाण्याचे जातात आणि वर बुरशी येते. वर्षाचा गहू-ज्वारी नवा माल येतो तेव्हा. साठवणीचा कांदा एप्रिल-मेमधला उन्हाळी घ्यावा. तो चांगला वाळलेला, मान बारीक मिटलेली, सालीचे दोन-तीन पदर असलेला असेल तर हवेशीर जागी चार-पाच महिने राहतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची तेजी टळते. खरिपाचा लाल कांदा कितीही स्वस्त मिळाला तरी पोत्यानं घेऊ नये. त्यात पाणी जास्त असतं, तीन-चार आठवड्यांत कोंब येतात किंवा सडतो, आणि एक सडलेला कांदा पोत्यातले शेजारचे दहा घेऊन जातो.